विश्लेषण : ‘हॉट डॉग’ हे नाव टॅड डॉर्गन यांनीच दिले का?

अमेरिकी क्रीडा पत्रकार आणि व्यंगचित्रकार टॅड डॉर्गन यांचे नाव आज निघते ते बहुधा ‘हॉट डॉग’मुळे. पावात सॉसेज घालून विकल्या जाणाऱ्या या पदार्थाचे बारसे त्यांनी केले, असे सांगितले जाते. पण ते खरे नाही. मग त्यांचे खरे काम कोणते?

कोण होते डॉर्गन?
थॉमस अलोयसियस डॉर्गन यांचा जन्म २९ एप्रिल १८७७ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत झाला. लहानपणी अपघातात त्यांनी उजव्या हाताची बहुतेक बोटे गमावली. मग ते डाव्या हाताने चित्रे काढू लागले आणि किशोरवयातच स्थानिक दैनिकात नोकरीला लागले. ‘टॅड’ ही त्यांच्या नावातील आद्याक्षरांची सही.

प्रसिद्धी कशी मिळाली?
विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते विल्यम रँडॉल्फ हर्स्ट यांच्या न्यूयॉर्कमधील ‘जर्नल’मध्ये आले. बॉक्सिंगचे ते जाणकार मानले जात. लढतीचा वृत्तांत आणि चित्र दोन्ही त्यांचेच असे. ‘जज रमी’ या चित्रमालिकेत माणसांचे कपडे घातलेले कुत्रे होते, तर ‘इनडोअर स्पोर्ट्‌स’मध्ये कचेरीतल्या, घरातल्या गमती. जिममधली, रस्त्यावरची बोली त्यांनी छापील पानावर आणली. अनेक बोली शब्द त्यांच्यामुळे देशभर रुळले.

‘हॉट डॉग’चे काय?
न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्‌स मैदानावर विक्रेते गरम सॉसेज विकत होते. त्याचे चित्र काढताना ‘डॅशहुंड’ या कुत्र्याच्या जातीचे स्पेलिंग आठवेना, म्हणून डॉर्गन यांनी ‘हॉट डॉग’ लिहिले, अशी ही कथा. प्रत्यक्षात तसे चित्र संशोधकांना सापडलेले नाही. डिसेंबर १९०६ मधील त्यांची ‘हॉट डॉग’ची चित्रे आहेत, पण ती मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधील सायकल शर्यतीची. शिवाय हा शब्द १८९० च्या दशकातच छापून आला होता.

अखेरची वर्षे कशी गेली?
हृदयविकारामुळे त्यांचे मैदानावर जाणे बंद झाले. तरीही घरी बसून त्यांनी रोजची चित्रे सुरूच ठेवली. २ मे १९२९ रोजी वयाच्या ५२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. २००७ मध्ये आंतरराष्ट्रीय बॉक्सिंग हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा समावेश झाला. हा मान मात्र त्यांच्या खऱ्या कामाचा होता.