कडू तेलाचं गुपित

बोरिवली फास्ट असो की मुलुंड स्लो, डब्यात दाराशेजारी एक स्टिकर हमखास चिकटवलेला असतो. पांढरे डाग, सोरायसिस, जुनाट खरूज, सगळ्यावर एकच औषध, गॅरंटी शंभर टक्के आणि खाली मोबाइल नंबर. औषधात नेमकं काय आहे, ते मात्र कुठेच लिहिलेलं नसतं. तुम्ही ते वाचता, हसता आणि पुन्हा मोबाइलमध्ये डोकं घालता. पण औषधात काय आहे ते सांगायचं की नाही, हा प्रश्न दीडशे वर्षांपूर्वी याच शहरातल्या एका मोठ्या डॉक्टरपुढेही होता. नाव तुमच्या ओळखीचं आहे. शाळेच्या सहलीला राणीच्या बागेत गेला असाल, तर त्यांच्या नावाचं म्युझियम पाहिलंच असेल. डॉ. भाऊ दाजी लाड.

मूळ नाव रामचंद्र विठ्ठल लाड. जन्म गोव्यातल्या मांद्रे गावचा, १८२० च्या दशकातला. घरची परिस्थिती बेताची. वडील त्यांना घेऊन मुंबईत आले. पोरगा बुद्धिबळात तरबेज होता. त्याचा खेळ पाहून एका इंग्रज साहेबाने, या मुलाला इंग्रजी शिकवाच, असा वडिलांकडे आग्रह धरला असं सांगतात. पुढे भाऊ एल्फिन्स्टनमध्ये शिकले आणि तिथेच शिकवू लागले. कच्छ-काठियावाडात जन्मतःच मारल्या जाणाऱ्या मुलींवर त्यांनी लिहिलेल्या निबंधाला बक्षीस मिळालं. हातात मास्तरकी होती, नाव होत होतं. एवढ्यात १८४५ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झालं आणि या तरुण मास्तरांनी पुन्हा विद्यार्थी व्हायचं ठरवलं. १८५१ साली तिथून बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीत ते होते. लाइन बदलावी की नाही म्हणून रात्र रात्र जागणाऱ्यांनी हे जरूर लक्षात ठेवा.

डॉक्टरकी जोरात चालली. श्रीमंतांकडून फी मिळायची, पण गरिबांसाठी त्यांनी मोफत दवाखानाही चालवला. धाकटे भाऊ नारायण दाजी हेही डॉक्टर. रोग्यांमधून उरलेल्या वेळात भाऊ जुनी नाणी गोळा करत, शिलालेख वाचत, मुलींच्या शाळांसाठी झटत. ते दोनदा, १८६९ आणि १८७१ मध्ये, मुंबईचे शेरीफ झाले. तुम्ही 'महाराज' हा सिनेमा पाहिला असेल, तर त्यातला खटला आठवा. १८६२ च्या त्या खऱ्याखुऱ्या खटल्यात करसनदास मुळजींच्या बाजूने साक्ष द्यायला भाऊ दाजी कोर्टात उभे राहिले होते. बड्या धर्मगुरूच्या विरोधात बोलायचं म्हणजे तेव्हा चेष्टा नव्हती. म्हणजे गप्प बसणारा हा माणूस नव्हे.

तरीही एका बाबतीत ते गप्प बसले.

तेव्हा कुष्ठरोगाला महारोग म्हणत. अंगावर चट्टा उठायचा, तिथली संवेदना जायची, हळूहळू बोटं झडायची. त्याआधीच घर, गाव, लग्न, सगळं सुटलेलं असायचं. रोग कशामुळे होतो, हे जगात कुणालाच माहीत नव्हतं. भाऊंनी संस्कृत वैद्यकग्रंथ चाळायला घेतले. सुश्रुतसंहितेत तुवरक नावाच्या झाडाचं तेल कुष्ठावर सांगितलंय. तेच आपल्या कोकणातलं, सह्याद्रीतलं कडू कवठ. याच्या बियांचं तेल काढतात. चव इतकी भयानक की पोटात टिकणं मुश्कील. १८६० च्या दशकात भाऊंनी हे तेल रोग्यांना द्यायला सुरुवात केली. काहींचे चट्टे फिके पडू लागले, आणि बातमी शहरभर झाली.

पण औषध कोणतं, ते भाऊ सांगेनात. टीका सुरू झाली. गुप्त औषध विकणारा वैदू आणि ग्रँट कॉलेजचा डॉक्टर यांच्यात मग फरक काय, हा सवाल रास्तच होता. आता जरा त्यांच्या बाजूनेही विचार करा. कुष्ठरोग फार संथ. चट्टा आज फिका पडतो, दोन वर्षांनी पुन्हा उठतो. घाईने बरं झाल्याचं जाहीर करावं आणि रोग उलटावा, तर शेकडो माणसांची आशा फुकट जाणार. त्यामुळे थांबण्यातही शहाणपण होतं. पण औषधच माहीत नसेल, तर ते दुसरा डॉक्टर पडताळणार कसं? आणि डॉक्टरकडे तरी वेळ किती असतो?

भाऊंकडे तो नव्हता. त्यांना पक्षाघात झाला. १८७३ मध्ये नॉर्वेत हॅन्सन यांना कुष्ठरोगाचा जंतू सापडला. त्याच वर्षी भाऊंच्याच कॉलेजात शिकवणारे डॉ. कार्टर हा रोग अभ्यासायला नॉर्वेला गेले. हे तेच कार्टर, ज्यांनी 'ग्रेज ॲनॅटॉमी'ची चित्रं काढली. भाऊ मात्र ३१ मे १८७४ ला गेले. आपल्या उपचारांचा सविस्तर ग्रंथ त्यांच्या हातून झालाच नाही.

पुढे कडू कवठ आणि त्याच्याच जातकुळीतल्या चालमोगरा या झाडाचं तेल जगभर वापरलं गेलं. १९१५ च्या सुमारास हवाईत ॲलिस बॉल या तेवीस वर्षांच्या रसायनशास्त्रज्ञ मुलीने त्या तेलापासून टोचता येईल असं औषध बनवलं. ती लगेचच वारली आणि श्रेय दुसऱ्यानेच लाटलं, पण कृती उघड झाल्यामुळे हजारोंना इंजेक्शन मिळालं. रोग पुरता बरा करणं मात्र या तेलाच्या आवाक्यात नव्हतं. ते काम केलं १९४० च्या दशकातल्या डॅप्सोनने आणि १९८० च्या दशकापासून एकत्र दिल्या जाणाऱ्या औषधांनी.

आज हा इलाज सहा महिने किंवा वर्षभर चालतो आणि सरकारी दवाखान्यात फुकट मिळतो. गोळ्या सुरू झाल्या की थोड्याच दिवसांत रोग्यापासून इतरांना लागण होण्याचा धोका संपतो. तरी जगातले निम्म्याहून अधिक नवे रोगी आपल्याच देशात सापडतात, आणि जोडीदाराला कुष्ठरोग आहे हे घटस्फोटाचं कारण कायद्यातून काढायला २०१९ साल उजाडावं लागलं.

म्हणून हे तुमच्या कामाचं. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा दिसला आणि तिथे स्पर्श कळत नसेल, तर लाजू नका, जवळच्या महापालिका दवाखान्यात जाऊन दाखवा. गजकर्णावर मेडिकलवाल्याने हातात ठेवलेली ट्यूबही डॉक्टरला न विचारता लावू नका. त्यात स्टेरॉइड असेल, तर खाज थांबते, पण बुरशी आतल्या आत पसरते. आणि कोणी कितीही नावाजलेला असो, औषध घेण्याआधी त्यात काय आहे ते विचारा. भाऊ दाजींसारख्या दिलदार माणसालाही तेव्हाच्या मुंबईने हेच विचारलं होतं, आणि तो प्रश्न चुकीचा नव्हता.