संत फ्रान्सिस आणि हिवाळ्यातील पाखरे

नाताळचा गोठा उभारताना आपल्याला असिसीच्या संत फ्रान्सिस यांचे स्मरण होते. नाताळच्या संदर्भात त्यांची आणखी एक इच्छा होती. तिची आठवण मात्र क्वचितच काढली जाते. सम्राटाची भेट झालीच, तर त्यांना एका कायद्याची विनंती करायची होती. ख्रिस्तजन्माच्या दिवशी नगरांच्या आणि गढ्यांच्या बाहेर, रस्त्यांवर गहू व इतर धान्य विखुरले जावे, म्हणजे पाखरांना, विशेषतः चंडोलांना, पोटभर खायला मिळेल. ही इच्छा समजून घ्यायची, तर फ्रान्सिस यांच्या तरुणपणातील एका प्रसंगाकडे वळावे लागते.

फ्रान्सिस यांचा जन्म ११८१ किंवा ११८२ साली मध्य इटलीत, सुबासिओ पर्वताच्या उतारावरील असिसी नगरात झाला. वडील पिएत्रो बर्नार्दोने हे कापडाचे धनिक व्यापारी. अशा घरात वाढलेल्या मुलाला थंडीची झळ ती काय लागणार! परंतु १२०२ साली पेरुजियाविरुद्धच्या लढाईत झालेली कैद, त्यानंतरचे दीर्घ आजारपण आणि कुष्ठरोग्यांची सेवा यांतून त्यांचे अंतःकरण पालटले. १२०६ च्या सुमारास त्यांनी असिसीच्या बिशपांसमोर अंगावरील वस्त्रेसुद्धा पित्याच्या स्वाधीन केली आणि ते रित्या हातांनी बाहेर पडले.

पुढे काय घडले ते त्यांचे पहिले चरित्रकार बंधू थॉमस चेलानो यांनी नोंदवून ठेवले आहे. अंगावर जुनीपानी वस्त्रे, ओठांवर देवाची स्तुतिगीते अशा स्थितीत ते रानातून चालले असता चोरांनी त्यांना गाठले, मारहाण केली आणि बर्फाने भरलेल्या एका खड्ड्यात फेकून दिले. ते कसेबसे वर आले, अंगावरचा बर्फ झटकला आणि पुन्हा गाऊ लागले. त्यानंतर एका मठाच्या स्वयंपाकघरात त्यांनी काही दिवस राबून काढले. अंगात एक फाटका सदरा होता आणि निदान थोडे कढण मिळावे एवढीच अपेक्षा होती. तेथे कोणालाही त्यांची दया आली नाही. एखादे जुने वस्त्रही मिळाले नाही. शेवटी ते मठ सोडून गुब्बिओला गेले. पुढे त्यांची कीर्ती पसरल्यावर त्या मठाच्या वरिष्ठांनी त्यांची क्षमा मागितली.

१२०९ च्या सुमारास पोप इनोसंट तिसरे यांनी फ्रान्सिस आणि त्यांच्या सोबत्यांच्या जीवनक्रमाला तोंडी मान्यता दिली. या बंधूंजवळ ना जमीन होती, ना धान्याचे कोठार. कष्ट करून, प्रसंगी भिक्षा मागून ते जगत. म्हणूनच की काय, दाणा टिपत हिंडणाऱ्या पाखरांशी फ्रान्सिस यांचे नाते जुळले. बेव्हान्या गावाजवळ त्यांनी पाखरांना केलेला उपदेश सर्वश्रुत आहे. परंतु उपदेश करणारे हे संत पाखरांचे तितकेच बारकाईने निरीक्षणही करीत. तुरेवाल्या चंडोलावर त्यांचे विशेष प्रेम होते. त्याच्या डोक्यावरचा तुरा त्यांना संन्याशाच्या टोपीसारखा वाटे आणि त्याचा मातकट रंग साध्या झग्याची आठवण करून देई. हा पक्षी रस्त्याच्या कडेने अन्न शोधतो, जनावरांच्या शेणातलाही दाणा वेचून खातो आणि मग गात गात आकाशात झेपावतो, हे त्यांनी पाहिले होते.

हिवाळ्यात अशा पक्ष्यांचे हाल होतात. जमिनीवर पडलेले बी बर्फाखाली गाडले जाते, कीटक दिसेनासे होतात, दिवस लहान होतो आणि लांबलचक रात्र इवल्याशा देहातील ऊब शोषून घेते. फ्रान्सिस यांनी धान्य टाकण्यासाठी रस्त्याचीच जागा का सुचवली, हे चंडोलाची ही सवय पाहिली की ध्यानात येते. मधमाश्या थंडीने मरू नयेत म्हणून त्यांच्यासाठी मध किंवा उत्तम द्राक्षारस ठेवण्यासही ते सांगत.

पाखरांविषयी त्यांच्या मनात भाबडेपणा मात्र नव्हता. बंधूंच्या मेजावर तांबड्या छातीच्या रॉबिन पक्ष्यांचे एक कुटुंब येई आणि पिल्ले बंधूंच्या हातावर बसून अन्नाचे कण टिपत. फ्रान्सिस यांना ते पाहून आनंद होई. परंतु त्यांपैकी मोठे पिल्लू स्वतःचे पोट भरल्यावरही धाकट्या भावंडांना हाकलून लावू लागले, तेव्हा त्या हावरेपणाचे फ्रान्सिस यांना फार वाईट वाटले. ते पिल्लू पुढे पाण्याच्या भांड्यात बुडून मेले, असे चरित्रकार सांगतात.

१२२३ च्या नाताळला ग्रेच्चो येथे फ्रान्सिस यांनी गवत, बैल आणि गाढव आणवून बेथलेहेमची गव्हाण साकारली. कायद्याविषयीच्या त्यांच्या इच्छेमागेही तीच गव्हाण आहे. पाखरांना दाणे मिळावेत, चंडोलांना कोणी पकडू वा मारू नये, त्या रात्री बैलांना व गाढवांना भरपूर चारा घातला जावा आणि श्रीमंतांनी गोरगरिबांना पोटभर जेवू घालावे, अशी ती इच्छा होती. त्या वेळी गादीवर असलेले सम्राट फ्रेडरिक दुसरे हे पक्ष्यांचे मोठे जाणकार होते. ससाण्यांकरवी शिकार करण्याच्या विद्येवर त्यांनी लॅटिन ग्रंथ रचला. पाखरांना दोघांनीही निरखून पाहिले. एकाने त्यांना शिकार शिकवली, दुसऱ्याने त्यांच्या भुकेची चिंता वाहिली.

दयाळूपणाची ही गोष्ट फ्रान्सिस यांना कायद्याने का व्हावीशी वाटली? त्या मठातील चुलीवर कढण होते, परंतु ते शेजारी कुडकुडणाऱ्या माणसाला द्यावे असे कोणालाही सुचले नाही. ज्याचे कोठार भरलेले आहे त्याच्या मर्जीवर उपाशी जिवाने जगू नये, हेच कदाचित फ्रान्सिस यांना सांगायचे असावे.

३ ऑक्टोबर १२२६ रोजी, शनिवारी सायंकाळी, पोर्झिउन्कुला येथे फ्रान्सिस यांनी देह ठेवला. चंडोल हा उजेडाचा पक्षी, अंधार त्याला आवडत नाही. तरीही त्या कातरवेळी चंडोलांचा थवा छपरावर घिरट्या घालत गात होता, असे त्यांच्या सोबत्यांनी सांगून ठेवले आहे. १२२८ साली पोप ग्रेगरी नववे यांनी त्यांना संतपद बहाल केले आणि १९७९ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्यांना पर्यावरणाचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केले.

नाताळच्या गोठ्यात आपण बैल आणि गाढव आठवणीने ठेवतो. त्या गोठ्याच्या दारात मूठभर दाणे पडावेत आणि आपल्या मेजावर एखाद्या भुकेल्याचे पानही मांडले जावे. तरच फ्रान्सिस यांचा नाताळ आपल्या घरी पूर्ण साजरा झाला असे म्हणता येईल.