भांड्यांच्या खडखडाटात

तुमच्या रूमवर भांडी कुणी घासायची यावरून भांडणं होतात का? आमच्याकडे होतात. फ्रीजवर टाइमटेबल चिकटवलंय, तरी होतात. सिंकमधली करपलेली कढई बघितली की मला वाटतं, आपलं खरं आयुष्य दुसरीकडेच कुठेतरी चाललंय आणि आपण इथे फेसात हात घालून उभ्या आहोत. बातमी लिहिणं हे खरं काम. भांडी म्हणजे मधला वाया गेलेला वेळ.

आज ज्याची गोष्ट सांगणार आहे, तो माणूस जवळजवळ पंधरा वर्षं स्वयंपाकघरात राबला. आणि हे काम त्याला मुळात अजिबात आवडायचं नाही, हे आधीच सांगून ठेवते. नाहीतर तुम्ही म्हणाल, हौस असेल त्याला!

त्याचं नाव निकोला हर्मन. जन्म १६१४ च्या सुमाराचा, आज फ्रान्समध्ये असलेल्या लोरेन प्रांतातला. घरची गरिबी, शिक्षण जेमतेम. अठरा वर्षांचा असताना ऐन हिवाळ्यात त्याला एक झाड दिसलं. पान नाही, फूल नाही, नुसता खराटा. थोड्या दिवसांनी याला पालवी फुटेल, मग फुलं येतील, फळं धरतील, एवढाच विचार त्याच्या मनात आला. अशी झाडं आपण बसच्या खिडकीतून रोज बघतो. पण हे सगळं घडवणारा देव आहे, ही गोष्ट त्या दिवशी त्याच्या मनात जी बसली ती कायमची.

म्हणून तो उठून मठात गेला असं मात्र नाही. युरोपात तेव्हा तीस वर्षांचं युद्ध पेटलेलं होतं. निकोला सैनिक झाला, जखमी झाला. पुढे एका बड्या माणसाकडे नोकर म्हणून राहिला, तर तिथे हाताला लागेल ते फोडायचा. हे त्यानेच नंतर सांगितलंय. शेवटी १६४० मध्ये, सव्विशीच्या आसपास, तो पॅरिसमधल्या व्होजिरार रस्त्यावरच्या कार्मेलाइट मठात दाखल झाला. शिक्षण नसल्यामुळे तो धर्मगुरू होणार नव्हता, कष्टाची कामं करणारा ब्रदर होणार होता. नाव मिळालं ब्रदर लॉरेन्स. आपल्या वेंधळेपणाची चांगली शिक्षा इथे मिळेल, अशी त्याची अपेक्षा होती. तसं काही झालं नाही, उलट समाधानच मिळालं, तेव्हा देवाने आपल्याला फसवलं म्हणून तो हसायचा.

पण हे समाधान पटकन मिळालं नाही बरं का. मठातली पहिली दहा वर्षं त्याची फार वाईट गेली. देवाचा विचार सतत मनात ठेवायचा, एवढं एकच त्याने ठरवलं होतं आणि तेच जमत नव्हतं. मन भरकटायचं. जुनी पापं आठवायची. देव जवळ आहे असं वाटलं की लगेच शंका यायची, हे सगळं आपल्याच मनाचे खेळ तर नाहीत? आपण स्वतःला फसवतोय का? हे त्याच्या शांत चेहऱ्याच्या गोष्टींत बहुतेक जण घाईघाईने उरकतात. मला तर तोच भाग सगळ्यात खरा वाटतो. दहा वर्षं म्हणजे तुमचं अकरावी ते पीएचडी! शेवटी त्याने मनाशी ठरवलं की ही तळमळ मरेपर्यंत राहिली तरी राहू दे, मी देवावर प्रेम करणं सोडणार नाही. आणि असं ठरवल्यावर कधीतरी ती तळमळ निघून गेली.

मग त्याचं स्वयंपाकघर कसं होतं? आपल्या मेससारखंच. इकडून एक जण हाक मारतोय, तिकडून दुसरा काहीतरी मागतोय, भांड्यांचा खडखडाट चाललाय. त्या गोंगाटात तो मनातल्या मनात देवाशी बोलत राहायचा. काम सुरू करताना दोन शब्द, संपलं की दोन शब्द. तव्यावरचं ऑम्लेट उलटायचं तेही देवावरच्या प्रेमापोटी. जमिनीवर पडलेली काडी उचलायची तीही त्यासाठीच. प्रार्थनेची ठरलेली वेळ आणि कामाची वेळ यांत त्याला फरकच उरला नाही. रविवारी तासभर चर्च आणि उरलेला आठवडा आपला, अशी वाटणी त्याच्याकडे नव्हती. दळताकांडताना विठ्ठलाला सोबतीला घेणारी जनाबाई आपल्याला ठाऊक आहे, त्यामुळे हे आपल्या चटकन लक्षात येतं.

एकदा त्याला मठासाठी वाइन खरेदी करायला बर्गंडीला पाठवलं. व्यवहार त्याला कळत नव्हता आणि पाय अधू. होडीत चालता येईना, तर हा वाइनच्या पिंपांवरून अक्षरशः गडगडत इकडून तिकडे जायचा! जाताना त्याने देवाला एवढंच सांगितलं होतं की हे काम तुझं आहे, तू बघ. खरेदी नीट झाली. कशी झाली, हे त्यालाही नीट सांगता आलं नाही.

आणि विसर पडला तर? मन भरकटलं तर? तो स्वतःला कोसत बसायचा नाही. चूक कबूल करायची, तुझ्या मदतीशिवाय माझं असंच होणार हे देवाला सांगायचं आणि परत कामाला लागायचं. एवढंच.

हे वाचून कुणीतरी नक्की म्हणेल, म्हणजे माइंडफुलनेस! मला पटत नाही. लॉरेन्सला टेन्शन कमी करायचं नव्हतं, कामाचा स्पीडही वाढवायचा नव्हता. त्याला फक्त कुणाच्या तरी सोबत राहायचं होतं. देवाला त्यातून काढून टाकलं, तर उरेल फक्त एक नावडतं काम निमूटपणे करणारा माणूस. देव मानत नसाल तर त्याचं सगळंच तुम्हाला पटणार नाही, आणि ते चालेल. पण त्याचं म्हणणं सोपं करून खिशात घालू नका, एवढंच माझं म्हणणं.

पुढे पाय आणखी बिघडला, तेव्हा त्याला बसून करता येईल असं मठातल्यांच्या वहाणा दुरुस्त करायचं काम दिलं. १६६६ पासून जोसेफ द बोफोर नावाचे एक धर्मगुरू त्याला भेटायला येऊ लागले आणि बोलणं झालं की टिपून ठेवू लागले. पत्र लिहून सल्ला विचारणारेही होते. एकाला त्याने बजावलं, माझं पत्र कुणालाही दाखवायचं नाही, या अटीवर लिहितोय. १२ फेब्रुवारी १६९१ रोजी तो गेला आणि पुढच्याच वर्षी बोफोर यांनी त्याची पत्रं छापली! फ्रान्समध्ये नंतर अशा प्रकारच्या भक्तीकडे संशयाने बघितलं जाऊ लागलं, तेव्हा ते पुस्तक मागे पडलं. पण इंग्लंडमध्ये जॉन वेस्लीसारख्या प्रोटेस्टंट मंडळींनी ते उचललं. कॅथलिक मठातल्या स्वयंपाक्याचे शब्द दुसऱ्याच पंथाच्या लोकांनी जपले.

व्होजिरार रस्त्यावरचं मठाचं चर्च आजही आहे. त्याला लागूनच एक विद्यापीठ आहे. आपल्याच वयाची मुलं-मुली तिथे रोज लेक्चरला येतात.