तुपाच्या थेंबाखालचे जंतू

लघवीचा ‘कल्चर’ रिपोर्ट पुष्कळ जणींनी पाहिला असेल. वर जंतूचं नाव, खाली कुठलं अँटिबायोटिक लागू पडेल त्याची यादी. आमच्या निमगाव सावाहून नमुना मोठ्या गावच्या लॅबला जातो. जंतू बशीत वाढवले, की मशीन बारीक खळग्यांतल्या रसायनांत ते कसे वागतात हे पाहून काही तासांत नाव सांगतं. असा रिपोर्ट पाहिला, की मला मशीन नसतानाचे हाफकिन आठवतात.

वाल्डेमार हाफकिन १८६० साली ओडेसाला ज्यू घरात जन्मले. पॅरिसला पाश्चरच्या संस्थेत काम केलं आणि १८९३ साली कॉलऱ्याची लस घेऊन भारतात आले. १८९६ला मुंबईत प्लेग शिरला, तेव्हा सरकारने त्यांना तिथे धाडलं. ग्रँट मेडिकल कॉलेजात एक खोली, एक कारकून, तीन शिपाई. एवढाच संसार!

बकऱ्याच्या मटणाच्या रश्शात (गाय-डुकराचं नको, लोकांचा धर्म दुखावेल) ते जंतू वाढवत आणि वर तूप सोडत. प्लेगचे जंतू तुपाच्या थेंबाला खालून चिकटत, वडाच्या पारंब्यांसारखे लोंबत. पारंब्या दिसल्या की जंतू प्लेगचाच. भांडं जरा हललं तरी त्या तुटायच्या, किती जपावं लागत असेल! मग ६५ अंशांना तासभर तापवून जंतू मारायचे, की झाली लस. १० जानेवारी १८९७ला ती त्यांनी आधी स्वतःलाच टोचून घेतली. त्याच मार्चमध्ये आपल्या सावित्रीबाई पुण्यात प्लेगने गेल्या.

३० ऑक्टोबर १९०२ला पंजाबात मलकवालला १०७ जणांना लस दिली. एकाच बाटलीतून टोचलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. हा दुसरा जंतू शिरला कुठे, मुंबईच्या प्रयोगशाळेत की गावात बाटली उघडताना? चौकशीवाल्यांनी मुंबईकडे बोट दाखवलं. हाफकिन कामावरून दूर झाले.

खरं तर बाटली उघडताना मदतनिसाचा चिमटा जमिनीवर पडला होता. तो जाळावर न धरता नुसता औषधी पाण्यात बुडवून वापरला गेला. शिवाय धनुर्वाताचे जंतू मुरलेल्या लसीला घाण वास येतो, या बाटलीला तो नव्हता. एवढं पटायला १९०७ साल उजाडलं. रोनाल्ड रॉससारख्यांना त्यासाठी जाहीर भांडावं लागलं.

हाफकिन परतले, पण कलकत्त्याला. परळच्या प्रयोगशाळेला त्यांचं नाव १९२५ साली मिळालं, तेव्हा ते युरोपात होते. १९३०ला स्वित्झर्लंडमध्ये लोझानला वारले. लग्न केलंच नव्हतं.