युजेन आत्जे
जाँ-युजेन-ऑग्युस्त आत्जे (१२ फेब्रुवारी १८५७ – ४ ऑगस्ट १९२७) हे फ्रेंच छायाचित्रकार होते. जुन्या पॅरिसमधील गल्ल्या, दुकाने, जिने व उद्याने यांच्या छायाचित्रांसाठी ते ओळखले जातात.

जीवन
आत्जे यांचा जन्म फ्रान्समधील लिबुर्न येथे झाला. बालपणीच आईवडिलांचे छत्र हरपल्याने नातेवाइकांनी त्यांचा सांभाळ केला. तरुणपणी त्यांनी जहाजावर आणि नंतर फिरत्या नाटक मंडळीत नट म्हणून काम केले. त्यात यश न आल्याने १८९० च्या सुमारास ते छायाचित्रणाकडे वळले व चित्रकारांना संदर्भचित्रे विकू लागले. नव्या नगररचनेत पॅरिसचा बराच जुना भाग पाडला गेला होता. उरलेल्या भागाची नोंद त्यांनी सुमारे तीन दशके केली. पॅरिसमधील ग्रंथालये व संग्रहालये ही छायाचित्रे विकत घेत असत.

मुद्रणपद्धती
आत्जे १८ × २४ सेंमी आकाराच्या काचेच्या निगेटिव्ह वापरत व त्यांच्या मूळ आकारातच प्रती काढत. लाकडी प्रिंटिंग फ्रेममध्ये निगेटिव्ह व कागद एकमेकांना भिडवून मागची फळी स्प्रिंगने घट्ट केली जाई आणि फ्रेम उजेडात ठेवली जाई. दाब कमी पडलेल्या जागी चित्र पुसट उमटते. त्यामुळे फ्रेमचा दाब सर्वत्र सारखा असावा लागतो. या कागदावर प्रतिमा केवळ प्रकाशानेच उमटत असल्याने ती मधूनमधून तपासावी लागे. त्यासाठी फ्रेमची फळी बिजागरीने दुभंगलेली असे. एक भाग उघडला तरी दुसऱ्या भागाच्या दाबामुळे कागद सरकत नसे. नंतर सोन्याच्या क्षाराच्या द्रावणात रंगछटा देऊन प्रत स्थिर केली जाई. संपूर्ण काच छापली जात असल्याने आत्जे यांच्या अनेक प्रतींत काळवंडलेले वरचे कोपरे आणि निगेटिव्हवर कोरलेले क्रमांकही दिसतात.

उत्तरायुष्य व वारसा
१९२० मध्ये त्यांनी २,६०० हून अधिक निगेटिव्ह फ्रेंच शासनाला १०,००० फ्रँकना विकल्या. १९२६ मध्ये त्यांच्या सहचारिणी, अभिनेत्री व्हॅलेंटाइन कोंपान्यों यांचे निधन झाले. त्याच वर्षी मॅन रे यांच्या पुढाकाराने त्यांची काही छायाचित्रे अतिवास्तववाद्यांच्या नियतकालिकात, आत्जे यांच्या इच्छेनुसार नावाविना, प्रसिद्ध झाली. पुढील वर्षी पॅरिस येथे आत्जे यांचे निधन झाले.

त्यांच्याकडे उरलेला संग्रह अमेरिकन छायाचित्रकार बेरेनिस ॲबट यांनी १९२८ मध्ये विकत घेऊन जपला. १९६८ मध्ये तो न्यू यॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टकडे गेला. हयातीत मर्यादित वर्तुळातच परिचित असलेल्या आत्जे यांची गणना आज आधुनिक छायाचित्रणाच्या अग्रदूतांमध्ये होते.