सर विल्यम ऑस्लर

कॅनडा देशांतील बाँड हेड नांवाच्या खेड्यांत ता. १२ जुलै १८४९ रोजीं विल्यम ऑस्लर यांचा जन्म झाला. त्यांचे वडील आरमारांतील नोकरी सोडून धर्मोपदेशक झाले होते. आपणही तोच मार्ग धरावा असा विल्यम यांचा प्रथम विचार होता. परंतु शाळेंतील रेव्हरंड जॉन्सन या गुरूंनीं त्यांस सूक्ष्मदर्शक यंत्राची गोडी लाविली. त्यायोगें त्यांचें मन सृष्टिज्ञानाकडे ओढलें जाऊन १८६८ सालीं ते वैद्यकाच्या अभ्यासाकडे वळले. १८७२ सालीं माँट्रियल येथील मॅकगिल विद्यापीठाची पदवी मिळवून ते लंडन, बर्लिन व व्हिएन्ना येथें शिकले आणि १८७४ सालीं मॅकगिल येथेंच अध्यापक झाले.

माँट्रियलच्या रुग्णालयांत त्यांनीं शेंकडों शवविच्छेदनें स्वहस्तें केलीं. रोगी जिवंत असतां केलेलें निदान खरें होतें कीं खोटें, हें ते अशा रीतीनें ताडून पाहत. या परिश्रमांतून हृदयाच्या झडपांच्या एका भयंकर रोगाचें ज्ञान त्यांस झालें. रक्तांतील सूक्ष्म जंतु झडपांवर ठाण मांडतात. तेथें मांसल वाढ होते. तिचे कण सुटून रक्ताबरोबर सर्व शरीरांत जातात. मग ताप हटत नाहीं, कातडीवर तांबडे डाग उठतात, सांधे दुखतात व लघवींतून रक्त जातें. या रोगावर ऑस्लर यांनीं १८८५ सालीं लंडन येथें दिलेलीं व्याख्यानें प्रसिद्ध आहेत.

परंतु हींच लक्षणें दुसऱ्या एका विकारांतही दिसतात. त्यांत जंतु नसतात. शरीराची रक्षणशक्तीच उलटून आपल्याच रक्तवाहिन्यांचा दाह करिते. ज्यांच्या कातडीवर डाग उठतात, पोटांत कळा येतात व मूत्रपिंडें बिघडतात अशा रोग्यांविषयीं ऑस्लर यांनीं १८९५ सालापासून अनेक निबंध लिहिले. त्यांपैकीं कांहीं रोगी याच दुसऱ्या विकाराचे होते, असें आजचें शास्त्र मानतें.

मग घरांतील शिपायांनींच बंड केलें आहे कीं बाहेरचा चोर शिरला आहे, हें ओळखावें कसें? १८०९ नव्हे, तर १९०९ सालच्या एका निबंधांत ऑस्लर यांनीं झडपांचा रोग महिनेच्या महिने रेंगाळलेल्या १० रोग्यांची हकीकत दिली. बोटांच्या टोकांशीं उठणाऱ्या लहान, दुखऱ्या गांठींकडे त्यांनीं लक्ष वेधलें. त्यांस आजही ऑस्लर यांचेंच नांव आहे. तथापि एका खुणेवर विसंबून चालत नाहीं, कारण तशा गांठी क्वचित् अन्य रोगांतही येतात. हृदयाचा ध्वनि वारंवार ऐकावा लागतो, आणि शिरेंतून काढलेल्या रक्तांत जंतु वाढतात कीं काय हें पाहावें लागतें. आतां ध्वनिलहरींच्या साहाय्यानें झडपांचें चित्रही पाहतां येतें.

हा भेद केवळ नांवाचा नव्हे. जंतूंच्या रोगास कित्येक आठवडे पेनिसिलिनासारखीं जंतुनाशक औषधें द्यावीं लागतात. दुसऱ्यास शरीराची प्रतिकारशक्ति दडपणारीं. हीं दुसरीं औषधें चुकून पहिल्या रोग्यास दिलीं तर जंतूंस मोकळें रान मिळून त्याचे प्राण जाण्याचा संभव असतो. ऑस्लर यांच्या हातीं यांपैकीं एकही औषध नव्हतें. पेनिसिलिन १९४० नंतर प्रचारांत आलें. बरा न होणारा रोगही त्यांनीं इतक्या काळजीनें पाहून ठेविला, म्हणूनच पुढें औषध सांपडल्यावर तें कोणास द्यावें हें वैद्यांस कळलें.

१८८९ सालीं बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय उघडलें, तेव्हां ऑस्लर तेथील मुख्य वैद्य झाले. विद्यार्थ्यांस त्यांनीं व्याख्यानगृहांतून रोग्याच्या खाटेपाशीं नेलें. १८९२ सालचा त्यांचा वैद्यकावरील ग्रंथ देशोदेशीं अभ्यासिला गेला. १९०५ सालीं ते ऑक्सफर्ड येथें प्राध्यापक झाले व १९११ सालीं त्यांस बॅरोनेट ही पदवी मिळाली. १९१७ सालीं महायुद्धांत त्यांचा तरुण पुत्र रिव्हिअर मारला गेला. या दुःखांतून त्यांचें मन पुरतें सांवरलें नाहीं. तरी त्यांनीं आपलें काम सोडलें नाहीं. ता. २९ डिसेंबर १९१९ रोजीं ऑक्सफर्ड येथें त्यांचा अंत झाला. त्यांचा मोठा ग्रंथसंग्रह त्यांच्या इच्छेप्रमाणें मॅकगिल विद्यापीठास मिळाला.

बालमित्रहो, दोन वस्तु सारख्या दिसल्या म्हणजे त्या एकच आहेत असें मानण्याची घाई आपण नेहमीं करितों. थांबून, नीट पाहून, मगच निर्णय करावा, हा धडा ऑस्लर यांच्या चरित्रापासून प्रत्येकानें घेण्याजोगा आहे.