इल्म आणि अमल यांची गाठ घालणारा उस्ताद : अल-जझरी

‘डिझाइन थिंकिंग’ हा शब्द सध्या शाळांमध्ये जोरात आहे. आधी माणसाची अडचण समजून घ्या, ती नीट मांडा, दोन-चार उपाय सुचवा, छोटा नमुना बनवा, तपासा आणि चुकलं तर दुरुस्त करा. शब्द नवा आहे, रीत मात्र जुनी. आठशे वर्षांपूर्वी एका कारागिराने आयुष्यभर हेच केलं. त्याचं नाव बदीउज्जमान इस्माईल अल-जझरी.

दजला आणि फुरात या नद्यांच्या मधल्या, उत्तरेकडच्या मुलखाला अरबीत अल-जझीरा म्हणतात. तिथला म्हणून तो जझरी. आजच्या तुर्कस्तानातलं दियारबकर शहर तेव्हा आमिद म्हणून ओळखलं जाई. तिथल्या अर्तुकी घराण्याच्या दरबारात तो पंचवीस वर्षांच्या आसपास राहिला. आधी बाप, मग मोठा मुलगा, मग धाकटा नासिरुद्दीन महमूद, अशा तीन सुलतानांसाठी त्याने काम केलं.

नासिरुद्दीनला वजूच्या वेळी नोकराने किंवा दासीने हातावर पाणी ओतलेलं आवडत नसे. अडचण तशी लहान, पण जझरीने ती मनावर घेतली आणि आपोआप पाणी ओतणारी पात्रं घडवली. हात धुण्याच्या एका यंत्रात मोराच्या चोचीतून पाणी येतं. वापरलेलं पाणी खाली साठतं, त्यावरचा तरंगता तुकडा वर चढतो, कवाड उघडतं आणि एक बाहुली हात धुण्याची पूड घेऊन बाहेर येते. पाणी आणखी चढलं की दुसरी बाहुली रुमाल घेऊन हजर! ना वीज, ना इंजिन. वाया गेलेलं पाणीच कामाला लावलेलं.

त्याचं मोठं जलघड्याळ तर आणखी शिकवून जातं. त्या काळी दिवसाचे बारा तास धरत. म्हणजे उन्हाळ्यात तास लांब आणि हिवाळ्यात आखूड. मग रोज पाण्याची धार कमी-जास्त करायला हवी. आधीच्या उस्तादांनी त्यासाठी एक चकती सांगून ठेवली होती. जझरीने ती करून पाहिली, तर हिशेब जुळेना. मोठ्यांनी लिहिलंय म्हणून त्याने ते मान्य केलं नाही, आणि मोठे चुकले म्हणून त्यांची टिंगलही केली नाही. पुन्हा पुन्हा मोजून, तपासून त्याने स्वतःची चकती बनवली.

त्याचं हत्तीचं घड्याळ आपल्याला जवळचं वाटावं असं आहे. हत्तीच्या पोटात पाण्याचं टाकं, आणि त्यात भोक पाडलेली वाटी. वाटी हळूहळू भरते आणि अर्ध्या तासाने बुडते. आपल्याकडे लग्नाचा मुहूर्त पाहायला घंगाळात घटिकापात्र सोडत, तीच ही हिंदी युक्ती. वाटी बुडाली की गोळी सुटते आणि सापाच्या तोंडात पडते. साप वाकतो, माहूत हत्तीला टोला देतो आणि रिकामी झालेली वाटी पुन्हा वर येते. हत्ती हिंदुस्थानचा, साप चीनचा, पाण्याची विद्या युनानची. चांगली कल्पना कुणाचीही असो, ती घ्यायला जझरीला कमीपणा वाटला नाही.

हे सगळं दरबारी खेळणं होतं असं समजू नका. पाणी वर चढवण्याची पाच यंत्रंही त्याने दिली आहेत. त्यातल्या एका पंपात तांब्याची दोन नळकांडी समोरासमोर आहेत. एक पाणी ओढतं तेव्हा दुसरं ढकलतं. काम सुरू करण्याआधी तो कागदाचे नमुने कापून बघायचा. लाकूड वाकू नये म्हणून पातळ फळ्या एकावर एक चिकटवायचा.

एवढं सगळं त्याच्या हातातच राहिलं असतं आणि त्याच्याबरोबरच गेलं असतं. नासिरुद्दीनने हे ओळखलं आणि त्याला पुस्तक लिहायला सांगितलं. 1206 मध्ये ते पुरं झालं. त्यात 50 यंत्रं आहेत, मापं आहेत आणि प्रत्येक भागावर अक्षर घातलेली चित्रं आहेत. दुसऱ्या कारागिराला बघून बनवता यावं, असं ते लिहिलंय. आपला फन झाकून ठेवण्याच्या त्या जमान्यात ही मोठी गोष्ट होती. त्याचं फळही मिळालं. डोनाल्ड हिल यांनी 1974 मध्ये त्याचा इंग्रजी तर्जुमा छापला, आणि 1976 मध्ये लंडनच्या सायन्स म्युझियमसाठी त्याचं मोठं जलघड्याळ नव्याने उभं राहिलं. आठशे वर्षांपूर्वीच्या मापांवर ते पुन्हा बनवता आलं!

पुस्तकाच्या अरबी नावातच इल्म आणि अमल हे दोन शब्द शेजारी शेजारी आहेत. आपण मात्र त्यांची फारकत केली. मालेगाव-भिवंडीत बिघडलेला माग आवाजावरून ओळखणारे कारागीर आहेत. गॅरेजमध्ये बसून जुन्या भागांतून नवी सोय काढणारी पोरं गल्लोगल्ली आहेत. त्यांना आपण हुनरमंद म्हणतो, पण शिकलेलं म्हणत नाही. आणि ज्यांना शिकलेलं म्हणतो, त्यांच्या हातात कधी पाना देत नाही. कारागिराच्या मुलाच्या हातात वही आणि वहीवाल्या मुलाच्या हातात हत्यार, एवढं जरी आपल्या घरांनी आणि शाळांनी केलं, तरी जझरीची वाट पुढे चालू राहील. नाहीतर कारागीर जातो आणि त्याच्याबरोबर त्याचं ज्ञानही जातं. लिहून ठेवायला सांगणारा नासिरुद्दीन प्रत्येकाला भेटत नाही. ते काम आपलं आहे.